ओझं उतरवणारं क्रियापद

इंग्रज हा देश सोडून गेले तेव्हा जाताना इंग्रजी भाषा डिक्शनरीबाबूंच्या हवाली करून गेले, याबद्दल आमच्या सिंदी रेल्वेत कोणाचं दुमत नव्हतं. गावात इंग्रजी येणारे आणखीही होते. स्टेशनमास्तर होते, दवाखान्याचे डॉक्टर होते, शाळेचे हेडमास्तर होते. पण ही मंडळी इंग्रजी नुसती वापरायची. डिक्शनरीबाबू तिची निगा राखायचे. शेजाऱ्याची बैलजोडी चार दिवस सांभाळणारा माणूस जसा स्वतः जेवायच्या आधी बैलांना वैरण घालतो, तसे ते एकेका शब्दाला जपायचे. कोणी एखादा शब्द वेडावाकडा हाकला तर वळ आपल्याच पाठीवर उठल्यासारखे कळवळायचे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेलच, पण पोस्टमनसुद्धा 'डिक्शनरीबाबू घरी हाय काय?' म्हणूनच हाक मारायचा.

माझी त्यांची ओळख गरजेपोटी झाली. आमच्या घरात त्या काळी कागद यायचा तो मिठाच्या पुडीचा. बाबा जिनिंगमध्ये हमाल होते. कापसातून निघालेली सरकी पोत्यांत भरली की ती पोती पाठीवरून गुदामात न्यायची आणि गुदामातून स्टेशनावर मालगाडीच्या वाघिणीत चढवायची, हे त्यांचं काम. माय तिथेच कापसातला कचरा निवडायची. मोसम दिवाळीपासून होळीपर्यंत. पुढचे महिने अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या आणि पुढच्या दिवाळीची वाट. त्या घरातून मी मॅट्रिक झालो, आमच्या मोहल्ल्यातला पहिला. नागपूरच्या कॉलेजात गेलो, तोही पहिलाच. हे मी मिरवायला सांगत नाही, आणि मिरवलं तरी काही बिघडत नाही. पण कॉलेजातलं इंग्रजी पुस्तक उघडलं की शब्द डोळ्यांपुढून मालगाडीच्या डब्यांसारखे धडधडत जायचे. आत काय भरलं आहे ते कळायचं नाही. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जिनिंगच्या बाबूजीकडं जाजो. मानूस येडा हाय, पन येड कामाचं हाय."

बाबू जिनिंगमधून मुंबईच्या हेड ऑफिसला इंग्रजी पत्रं टाइप करायचे. तरुणपणी ते एका पादरीसाहेबाकडे लिखापढीला होते. साहेब मायदेशी निघाला तेव्हा नोकरांना म्हणाला, ज्याला जे हवं ते घ्या. खानसाम्यानं आरामखुर्ची घेतली, माळ्यानं कंदील घेतला आणि यांनी डिक्शनरी घेतली. प्रत्येक शब्द कोणत्या मुलखातून कोणत्या वाटेनं आला हे सांगणारी ती डिक्शनरी इतकी जाड होती की मांडीवर घेऊन बसल्यावर बाबूंच्या पायांना मुंग्या यायच्या आणि उठताना त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, हात द्यावा लागायचा. पण सिंदीच्या वाळवीला इंग्रजांचं काय कौतुक? पहिल्याच पावसाळ्यात तिनं ए आणि बी ही दोन अक्षरं सफाचट केली. तेव्हापासून ए-बीवरून सुरू होणारे इंग्रजी शब्द बाबूंनी तोंडात घेणं सोडलं. "ज्याचं मूळ मले दाखवता येत नाई, थो शब्द कोन्या तोंडानं वापरू?" असं म्हणायचे. अर्जाला सारं गाव ॲप्लिकेशन म्हणे, ते पिटिशन म्हणायचे, कारण पी शाबूत होता. गावाला बस सुरू झाली तेव्हा तर कितीतरी दिवस ते तिच्यात चढले नाहीत. बैलगाडीनं हाडं खिळखिळी करत सेलूला जायचे. मग एकदा ओच्या पानावर त्यांना 'ऑम्निबस' सापडला. बस हा त्याचाच तुकडा, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'सर्वांसाठी'. दुसऱ्या दिवसापासून ते बसनं जाऊ लागले. आमच्या मोहल्ल्यातल्या कोणाला कोणी मागे सरकायला सांगितलं, की हा अर्थ ते साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात समजावून द्यायचे.

त्यांच्या लेखी इंग्रजी शब्दांच्या दोन जाती होत्या. माणसांतली जातपात त्यांना चालायची नाही, पण शब्दांच्या बाबतीत ते कडक. ईट, ड्रिंक, स्लीप हे सगळे रानटी. कुठून तरी आले आणि घुसले. लॅटिनमधून आलेलं क्रियापद मात्र घरंदाज. ते उघडलं की आत दोन खोल्या निघायच्या, कधी तीन. इन्स्पेक्ट म्हणजे 'आत' आणि 'पाहणं'. हे कळल्यापासून ते बाजारात प्रत्येक वांगं कानाशी नेऊन हलवायचे, देठापाशी डोळा लावायचे, आणि भाजीवाली म्हणायची, "बाबूजी, वांगं घ्या नाईतर ठेवा, त्याले मंतर नोका मारू." एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी डायजेस्ट या शब्दाचं मूळ काढलं. वेगवेगळं करून वाहून नेणं. मग कुठलं काय कुठे वाहून नेलं जातं हे त्यांनी वरणापासून बुंदीपर्यंत असं खुलासेवार सांगितलं की शेजारचे तिघं हात धुवायला उठले. बाबूंना वाटलं, विषय संपला म्हणून उठले.

एकदा मात्र त्यांची ही आवड त्यांनाच फार लागली. पलीकडच्या खेड्यातला एक शेतकरी तार घेऊन आला. तार इंग्रजीत, त्यात वडिलांचं नाव आणि पुढे एकच शब्द, 'एक्स्पायर्ड'. शब्द लॅटिन निघाला म्हणून बाबूंचा चेहरा उजळला. बोटानं दाखवत म्हणाले, "एक्स म्हंजे बाहेर. स्पिरारे म्हंजे श्वास घेनं-सोडनं. म्हंजे श्वास बाहेर सोडला." त्या माणसानं थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारलं, "मंग आत घेतला असंन ना, बाबूजी?" बाबूंनी तार घडी करून बाजूला ठेवली. त्यांनी त्याला ओसरीवर बसवलं, वहिनींना पाणी आणायला सांगितलं, आणि त्याच्याबरोबर थेट त्याच्या बापाच्या गावापर्यंत गेले. खांदा देऊनच परतले. त्यानंतर त्यांनी नियम केला. तार आधी स्वतः पूर्ण वाचायची, माणसाला बसवायचं, पाणी द्यायचं, मग अर्थ सांगायचा. लॅटिन तेरवी झाल्यावर.

एवढा विद्वान माणूस मॅट्रिकला तीनदा नापास झाला होता, तोही इंग्रजीत. पहिल्याच प्रश्नातल्या 'एक्स्प्लेन' या शब्दापाशी ते थांबायचे. त्याचं मूळ सपाट करणं, उलगडून पसरणं. ते पसरेपर्यंत घंटा व्हायची. याची त्यांना खंत नव्हती. खंत वहिनींना होती, आणि ती त्या अधूनमधून टोचायच्या. "सी, डी, ई, तीन अक्षरं आनखी वाळवीनं खाल्ली असती तं पास झाले असते," असं त्या माझ्यासमोरच म्हणायच्या. पण इतकी वर्षं ऐकून ऐकून त्यांच्याही जिभेवर लॅटिन चढलं होतं. मी शिकायला बसलो असताना कोणी मध्येच आलं तर चुलीजवळून आवाज यायचा, "इंटरप्ट करू नोका हो. म्हंजे मंदातून तोडू नोका."

आता मूळ गोष्टीवर येतो. आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. ऐन मोसमात एका दुपारी जिनिंगमधल्या कापसाच्या ढिगाला आग लागली. फार पसरली नाही, पण लागली. संध्याकाळी मॅनेजरनं सारे हमाल आणि कापूस निवडणाऱ्या बाया आवारात उभ्या केल्या आणि सगळ्यांसमोर बाबांकडे बोट दाखवलं. म्हणाला, विडी याचीच. बाबांनी जन्मात विडी ओढली नव्हती. ते तंबाखू खायचे. आग लागली तेव्हा ते स्टेशनावर वाघीण भरत होते. पण हेड ऑफिसला कळवायला मॅनेजरला एक नाव पाहिजे होतं. बाबांचं काम बंद झालं. मग त्यानंच निरोप पाठवला, इंग्रजीत माफीनामा लिहून दे, कागद मुंबईला लावून देतो, परवापासून कामावर ये.

मी रविवारी पॅसेंजरनं घरी आलो तेव्हा मोहल्ल्याचं एकमत झालेलं होतं. कागदानं काय होते, लिहून टाका. माझंही तेच मत होतं, हे मी लपवत नाही. परीक्षा तोंडावर होती आणि बाबांचं काम सुटलं तर माझं कॉलेज सुटणार होतं. मी माझ्या सगळ्यात चांगल्या इंग्रजीत माफीनामा लिहिला, सुवाच्य अक्षरात. तो टाइप करून घ्यायला बाबांना घेऊन बाबूंकडे गेलो. बाबा अंगणातच थांबले. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, वर या. पायरीले काई धरून नाई ठेवलं." तेव्हा ते ओसरीवर आले आणि खांबाला टेकून बसले.

बाबूंनी माझा कागद वाचला. "आय बेग... बेग गेला वाळवीत. पुढं पाहू," असं म्हणून ते 'पार्डन'वर थांबले. मला वाटलं, अक्षर आवडलं असावं. त्यांनी डिक्शनरी मांडीवर ओढली.

"तुह्या बाबानं आग लावली काय?"

"नाही."

"मंग पार्डन कायले मागतं?"

मी म्हणालो, "बाबूजी, हा नुसता शब्द आहे. सगळे अर्जात लिहितात."

"नुसता शब्द," ते म्हणाले. मी वहिनींच्या चुलीवर पाणी ओतलं असतं तरी त्यांनी माझ्याकडे इतक्या दुःखानं पाहिलं नसतं. मग ते माझ्याशी बोलायचे थांबले आणि बाबांकडे वळले. "भाऊ, आयका. पर म्हंजे पुरतं. डोनारे म्हंजे देनं. आपल्या दानाचा सख्खा भाऊ हाय थो. तुम्ही गुन्हा केला, थो कबूल केला, आन् वरच्यानं दया येऊन तुमाले सोडून देलं. म्हंजे दान देलं."

बाबांनी त्या उघड्या पानाकडे पाहिलं. मग म्हणाले, "दान घ्याचं तं आता सोडलं, बाबूजी. आमच्या बापानं लय घेतलं."

"मंग दुसरा शब्द पाहू," बाबू म्हणाले आणि पानं उलटू लागले. मला घाई झाली होती. मी म्हणालो की मॅनेजर दुसरा शब्द घेणार नाही. वहिनी मला म्हणाल्या, "बापू, आता मंदातून तोडू नोको." बाबूंचं बोट एका जागी थांबलं. शब्द होता 'एक्झॉनरेट'. कॉलेजात असूनही मी तो तोवर पाहिला नव्हता. हेही लपवत नाही.

"एक्स म्हंजे वरून, बाहेर. ओनुस म्हंजे ओझं," बाबू हळूहळू वाचत होते. "ओझं उतरवनं. पह्यले जहाजातला माल खाली उतरवाले हाच शब्द वापरत. मंग मानसावरचा आळ उतरवाले वापरू लागले."

बाबा खांबापासून सरळ झाले. "म्हंजे हा हमालाचा शब्द हाय."

आयुष्यभर घरंदाज शब्द सांभाळलेल्या बाबूंना हे कधी सुचलं नसावं. त्यांनी पुन्हा पानात पाहिलं आणि म्हणाले, "हाव. हमालाचाच हाय."

"मंग त्यात एक नेम असते, तुमच्या पुस्तकात लिहिला काय?" बाबांनी विचारलं. "पोतं पाठीवर चढवाले दुसरा लागते, उतरवाले बी दुसरा लागते. आपलं पोतं आपन टाकून देऊ शकतो, पन टाकलं तं फाटते. अन् आमच्यात ज्यानं चढवलं, त्यानंच उतरवाचं. अर्ध्यात दुसऱ्यावर नाई ढकलाचं. मॅनेजरसायबानं साऱ्याईसमोर चढवलं. तं उतरवाचं बी त्यानंच, तिथंच." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुह्यं कॉलेज सुटलं तं मी गिट्टी फोडीन. पन दानाचा कागद नाई देत."

बाबूंनी माझा माफीनामा दुमडून डिक्शनरीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत कंपनीच्याच टाइपरायटरवर स्वतः पिटिशन टाइप केली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एक कागद एका बैठकीत पूर्ण केला, असं वहिनी सांगायच्या. त्यात लिहिलं होतं की अर्जदार कोणाची दया मागत नाही, त्याची चौकशी व्हावी आणि त्याला एक्झॉनरेट करण्यात यावं. जिथं आणि ज्यांच्यासमोर आरोप झाला तिथंच, आणि ज्यानं केला त्याच्याच तोंडून. खाली बाबांनी मराठीत सही केली. कागद रजिस्टर पोस्टानं मुंबईला गेला. मॅनेजरला कळायला दोन दिवस लागले. त्यानं बाबूंना बोलावून एवढंच सांगितलं, "बाबू, तुमाले पगार कंपनी देते, डिक्शनरी नाई देत." बाबू म्हणाले, "हाव साहेब," आणि जागेवर येऊन बसले. सॅलरी या शब्दाचं मूळ, लॅटिनमधलं मीठ, त्यांना पाठ होतं. त्या दिवशी ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

पुढचा महिना बाबांनी रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडली. हाताला फोड आले ते मला दाखवायचे नाहीत, मी आलो की मुठी मिटून बसायचे. मी नागपूरला पुस्तक उघडायचो आणि वाटायचं, एका शब्दापायी आपण बापाच्या हातात हातोडा दिला. बाबूंवर माझा राग होता. दोन रविवार मी त्यांच्याकडे गेलो नाही. तिसऱ्या रविवारी वहिनी आमच्या घरी आल्या. म्हणाल्या, "यायनं जेवन सोडलं नाई, पन लॅटिन सोडलं. भाजीत काय हाय तेही पाहत नाईत. एकडाव येऊन जाजो."

मुंबईचा साहेब आला तो मोसम उतरणीला लागताना. त्यानं यंत्र उघडून घेतलं. कापसासोबत आत गेलेला खडा रोलरमध्ये सापडला आणि त्यानं पडलेल्या खुणाही सापडल्या. ठिणगी तिथून उडाली होती. स्टेशनावरच्या नोंदीत वाघीण भरण्याची वेळ होती, त्यापुढे बाबांचं नाव होतं. साहेबानं बाबूंना विचारलं की साधी माफी सोडून हा शब्द का लिहिलात. पुढचा अर्धा तास ऑफिसचं दार बंद होतं. बाहेर आलेला साहेब, ऐकणारे सांगतात, कोणाशी तरी 'ओनुस, ओनुस' असं पुटपुटत होता.

आठवड्यानं हुकूम आला. त्या दिवशी मी मुद्दाम आलो होतो. मॅनेजरनं त्याच आवारात सगळ्यांना उभं केलं आणि कागद वाचला. तो शब्द आला तिथं अडखळला, पण पूर्ण वाचला. कोणाला काही कळलं नाही. साऱ्या हमालांनी बाबूंकडे पाहिलं. आता एक्सपासून सुरू होणार आणि भोंगा वाजेपर्यंत चालणार, अशा तयारीनं काही जण खालीही बसले. बाबू मात्र चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. शेवटी बाबाच म्हणाले, "बसता कायले? उतरवलं म्हने." मग दोन पावलं पुढे होऊन मॅनेजरला म्हणाले, "बरोबर उतरवलं, साहेब. फाटलं नाई."

होळी झाल्यावर बाबूंची बदली झाली, कंपनीच्या लांबच्या एका गुदामावर. तिथं इंग्रजीचं काम नव्हतं. पोती मोजून घ्यायची, एवढंच. कारण कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. गाडीत बसताना त्यांनी मला ट्रान्स्फरचं मूळ सांगितलं, पलीकडे वाहून नेणं, आणि ते सांगताना त्यांना खरोखर आनंद झाला होता. माझा निकाल लागला तेव्हा मी त्यांना पत्र लिहिलं, इंग्रजीत, ए-बीचा एकही शब्द येऊ न देता. त्याला मला चार दिवस लागले. उत्तर वहिनींकडून आलं, कोणाकडून तरी मराठीत लिहवून घेतलेलं. बाबू तापात गेले होते. माझं पत्र पोचलं तेव्हा शुद्धीवर होते की नाही, हे त्यात नव्हतं. मी पुन्हा विचारलं नाही.

आज माझ्या वर्गातली पोरं शब्दाचा अर्थ विचारतात तेव्हा मी आधी अर्थ सांगतो, मग मूळ. बाबूंना हे पटलं नसतं. पण पोरांच्या परीक्षा आहेत.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. झालो. बाबांनी त्याच जिनिंगमध्ये आणखी सात मोसम काम केलं आणि पाठ दुखायला लागली तेव्हा स्वतःहून घरी बसले. कंपनीच्या दप्तरात त्यांच्या नावापुढे कसलाही शेरा नाही. मी स्वतः जाऊन पाहिलं आहे.